फॉर्ममध्ये लिहिलेले आणि फॉर्मला समजलेले

सांगलीच्या मार्केट यार्डात फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक वाढू लागते आणि पुढचे काही महिने अडत दुकानातल्या दिवाणजींना मान वर करायला फुरसत मिळत नाही. अशाच एका हंगामात, एका अडत दुकानासाठी मी तयार केलेल्या वेब ॲप्लिकेशनवर तिथले दिवाणजी पहिल्यांदाच शेतकऱ्यांच्या नोंदी करत होते आणि मी त्यांच्या मागे खुर्ची ओढून बसले होते. पोत्यांची संख्या, वजन, भाव, हळदीची जात हे सगळे रकाने व्यवस्थित भरले गेले. मग त्यांनी तालुक्याच्या रकान्यात ‘कऱ्हाड’ असे लिहिले आणि खाली लाल अक्षरांत संदेश उमटला: ‘कृपया फक्त मराठी अक्षरे वापरा.’ दिवाणजींनी शब्द पुसला, पुन्हा तोच लिहिला, पुन्हा तोच संदेश आला. त्यांनी मागे वळून मला विचारले, “ताई, मग हे कुठल्या भाषेतले आहे?”

तो नियम मीच लिहिला होता. संगणकावर प्रत्येक लिपीतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकामध्ये देवनागरीसाठी सलग १२८ जागांचा एक पट्टा राखून ठेवलेला आहे. लिहिलेले प्रत्येक चिन्ह त्या पट्ट्यातले असेल किंवा मोकळी जागा असेल, तरच नाव ग्राह्य धरायचे, अशी ती पडताळणी होती. मी ती सांगली, मिरज, तासगाव, पलूस, विटा, जत अशा नावांवर तपासली होती आणि सगळी नावे पार झाली होती. पण मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत आणि दुसऱ्या शब्दातला अर्धा र संगणकावर एकाहून अधिक रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडतात. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, त्यापुढे हलन्त आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे न दिसणारे चिन्ह येते. हे चिन्ह अनेक लिप्यांना सामाईक असल्याने देवनागरीच्या पट्ट्यात नाही. दिवाणजींच्या संगणकावरची टंकपद्धत दुसऱ्या रीतीची होती. पडद्यावर दोन्ही ‘कऱ्हाड’ अगदी सारखे दिसतात, मात्र संगणकाच्या लेखी एक शब्द सहा चिन्हांचा असतो आणि दुसरा सात चिन्हांचा.

नियम दुरुस्त करायला नंतर पाच मिनिटे लागली. मला खरा धडा मिळाला तो दिवाणजींनी पुढे काय केले ते पाहून. त्यांच्यासमोर शेतकरी उभा होता, बाहेर ट्रॅक्टर खोळंबले होते. त्यांनी ‘कराड’ लिहिले आणि पुढची नोंद घेतली. कराड हे रूपही सर्रास चालते, त्यामुळे तिथे फारसे बिघडले नाही. पण पाऊण तासाने ‘बोऱ्हाडे’ आडनावाचे एक शेतकरी आले आणि फॉर्म अडला तेव्हा दिवाणजींनी मुकाट्याने ‘बोराडे’ लिहून टाकले. ही दोन वेगळी आडनावे आहेत. पट्टीची, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाच्या चिठ्ठीची, रक्कम बँकेत पाठवताना खात्यावरच्या नावाशी ते जुळणार नव्हते. म्हणजे चुकीची माहिती आत येऊ नये म्हणून मी जी पडताळणी घातली होती, तिनेच एका माणसाला बरोबर माहिती पुसून चुकीची लिहायला भाग पाडले होते.

त्या दिवसापासून मी फॉर्मच्या स्टेटचा, म्हणजे फॉर्म भरला जात असताना प्रोग्राम जी माहिती लक्षात ठेवतो तिचा, विचार एकाच भेदापासून सुरू करते. माणसाने रकान्यात जे लिहिले ते एक, आणि त्यातून आपल्या प्रोग्रामला जे समजले ते दुसरे. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या जपल्या पाहिजेत. आपल्याला समजले नाही म्हणून त्याने लिहिलेले बदलण्याचा, पुसण्याचा किंवा चूक ठरवण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. फॉर्मच्या कामात माझ्या हातून झालेल्या चुका आठवून पाहिल्या तर बहुतेकांच्या मुळाशी या दोन गोष्टींची गल्लत सापडते.

वजनाचा रकाना घ्या. रिॲक्टमध्ये, म्हणजे वेब पाने बांधण्याच्या एका साधनात, नवे असताना आपण सगळेच असे लिहितो की, रकान्यातला मजकूर बदलला की त्याचा लगेच आकडा करायचा, तो आकडा स्टेटमध्ये ठेवायचा आणि रकान्यात तोच परत दाखवायचा. दिवाणजींना साडेपन्नास किलो लिहायचे आहेत. ते पाच लिहितात, शून्य लिहितात आणि मग दशांश चिन्ह देतात. त्या क्षणी रकान्यात ‘५०.’ असा अर्धवट मजकूर असतो. प्रोग्राम त्याचा आकडा करतो, तो येतो नुसता पन्नास, आणि पन्नासच रकान्यात परत दाखवला जातो. दिलेला टिंब नाहीसा होतो. पुढचा पाच दाबला की वजन पाचशे पाच किलो होते. लिहिणाऱ्याची काहीच चूक नाही, तो फक्त वाक्याच्या मध्यावर होता आणि आपण त्याचे वाक्य तोडून आपल्या अर्थाने पुरे केले. यावरचा उपाय साधा आहे. स्टेटमध्ये मजकूर मजकूर म्हणूनच ठेवावा, आकडा लागेल तेव्हा त्या मजकुरातून काढावा आणि काढलेला आकडा रकान्यात परत कोंबू नये.

याच सवयीतून रिकामा रकाना आणि शून्य यांची सरमिसळ होते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेत रिकाम्या मजकुराचा आकडा केला तर उत्तर शून्य येते. हमालीच्या रकान्यात शून्य लिहिले असेल तर त्याचा अर्थ हमाली लावायची नाही असे ठरले आहे. रकाना रिकामा असेल तर अजून काही ठरलेले नाही. हिशोबाच्या वहीत या दोन गोष्टींची गल्लत कोणताही दिवाणजी कधी करत नाही. तो शून्यासाठी शून्य किंवा आडवी रेघ लिहितो आणि न ठरलेली जागा मोकळी सोडतो. वही जो फरक पाळते तो आपल्या फॉर्मने पाळायलाच हवा.

आकड्यांच्या रकान्यासाठी, वेब पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये ‘नंबर’ हा प्रकार आहे आणि मी तो सुरुवातीला डोळे झाकून वापरला. त्याचे परिणाम मला दोन ठिकाणी भोगावे लागले. पहिला प्रसंग भावाचा आहे. एका सौद्यात १२ पोत्यांचे एकूण वजन ६१२ किलो होते, दर पोत्यामागे एक किलो बारदान वजा करून निव्वळ ६०० किलो राहिले आणि क्विंटलला १४,५०० रुपये भाव ठरला. पट्टी ८७,००० रुपयांची व्हायला हवी होती, ती ८६,९८२ रुपयांची निघाली. १८ रुपयांचा हा फरक शेतकऱ्यानेच बोटांवर हिशोब करून दाखवून दिला. शोध घेतला तेव्हा कळले की भाव लिहून झाल्यावर कर्सर त्याच रकान्यात होता, दिवाणजींनी पान खाली नेण्यासाठी माउसचे चाक फिरवले आणि त्या ब्राउझरमध्ये चाकाच्या प्रत्येक टप्प्याला भाव एकेक रुपयाने उतरत १४,४९७ वर आला. पडताळणीने हरकत घेतली नाही, कारण १४,४९७ हा भाव म्हणून अगदी योग्य आकडा आहे. कोणतीही पडताळणी पकडू शकणार नाही अशी ही चूक होती आणि ती लिहिणाऱ्याने नव्हे, आमच्या रकान्याने केली होती. आता मी वजन आणि भाव या दोन्हींसाठी साधा मजकुराचा रकाना वापरते आणि ‘इनपुटमोड’ या गुणधर्मात ‘डेसिमल’ असे सांगते, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कळफलक उघडतो आणि चाकाचा प्रश्न उरत नाही.

दुसरा प्रसंग मराठी अंकांचा. ‘नंबर’ प्रकारच्या रकान्यात ब्राउझरला न समजणारे काही लिहिले तर आपल्या प्रोग्रामला रिकामा मजकूर मिळतो. काही ब्राउझरांत तर लिहिलेले पडद्यावर तसेच दिसत राहते. लिहिणाऱ्याला आपण भाव लिहिलेला स्पष्ट दिसतो आहे आणि आपण त्याला ‘भाव लिहिणे आवश्यक आहे’ असे सांगतो आहोत. साधा रकाना घेतला तरी पुढची पायरी उरतेच, कारण जावास्क्रिप्टला देवनागरी अंक आकडे म्हणून कळत नाहीत आणि तिच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुराचा नमुना सांगण्याच्या लिपीत, अंकासाठी जी संक्षिप्त खूण आहे ती फक्त इंग्रजी अंक ओळखते. गंमत अशी की सर्व्हरवर पायथन ही दुसरी प्रोग्रामिंग भाषा होती आणि पायथन ३ देवनागरी अंक विनातक्रार आकडा म्हणून स्वीकारते. म्हणजे सर्व्हरला जे चालले असते ते ब्राउझर दारातच अडवत होता. मराठी कळफलकावर काम करणाऱ्या माणसाने भावासाठी कळफलक बदलावा ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. देवनागरी अंकाचा इंग्रजी अंक करणे ही दहा चिन्हांची अदलाबदल आहे, ती समजून घेताना करावी, स्वल्पविराम आणि आजूबाजूच्या मोकळ्या जागा त्याच वेळी काढाव्यात, आणि रकान्यात मात्र त्याने लिहिलेले तसेच राहू द्यावे.

लांबीची मर्यादा घालतानाही हाच प्रश्न येतो. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याच्या दृष्टीने चार अक्षरांचे आहे, पण ब्राउझर त्याची दहा चिन्हे मोजतो आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना त्याचे ३० बाइट होतात. इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून घातलेली वीस चिन्हांची मर्यादा नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव लिहिणाऱ्या मराठी माणसाला मध्येच तोडते, आणि तेही संदेश न देता, कारण ‘मॅक्सलेंग्थ’ लावलेला रकाना पुढची अक्षरे नुसती घेतच नाही. नावाच्या रकान्यावरचे अक्षरांचे नियम मी आता पूर्णपणे काढून टाकले आहेत. नाव रिकामे नसावे, एवढेच मी पाहते. जतन करताना मजकूर युनिकोडच्या एनएफसी रूपात आणते, म्हणजे ‘ऱ’ हे एक चिन्ह आणि र-अधिक-नुक्ता (अक्षराखालचे टिंब) ही दोन चिन्हे एकच होतात. न दिसणाऱ्या जोडचिन्हाची रीत मात्र एनएफसीने बदलत नाही, म्हणून शोधण्यासाठी नावाचे एक वेगळे सरळ केलेले रूप ठेवावे लागते. मूळ नाव तसेच राहते आणि शोध त्या सरळ रूपावर चालतो.

आता स्टेट नेमकी कुठे ठेवावी याबद्दल. रिॲक्टच्या जगात यावर पुष्कळ वाद झाला आहे. प्रत्येक रकान्याचा मजकूर घटकाच्या, म्हणजे पानाच्या त्या तुकड्याच्या, स्टेटमध्ये ठेवायचा, ही नियंत्रित रीत. मजकूर ब्राउझरच्या रकान्यातच राहू द्यायचा आणि लागेल तेव्हा वाचायचा, ही अनियंत्रित रीत. फॉर्मसाठीच्या तयार साधनांपैकी फॉर्मिक पहिल्या रीतीवर उभे आहे, रिॲक्ट हुक फॉर्म मुख्यतः दुसऱ्या. आमच्या सौद्याच्या पानावर एका वेळी ४० ओळी आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने होते. सगळी स्टेट मी वरच्या एकाच घटकात ठेवल्यामुळे एक अक्षर दाबले की २४० रकाने पुन्हा रेखाटले जात आणि दुकानातल्या जुन्या संगणकावर अक्षर उमटायला वेळ लागत असे. दिवाणजी न पाहता भराभर लिहीत, पडदा मागे राही. प्रत्येक ओळ आपापला मजकूर सांभाळेल अशी रचना केल्यावर तो त्रास थांबला. चार रकान्यांच्या छोट्या फॉर्मसाठी कोणतीही रीत चालते आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ओळी वाढू लागल्या की मात्र मजकूर जितका रकान्याच्या जवळ ठेवता येईल तितका ठेवावा, असे माझे मत झाले आहे.

याहून महत्त्वाचे म्हणजे जे दुसऱ्या माहितीवरून काढता येते ते स्टेटमध्ये ठेवूच नये. निव्वळ वजन हे एकूण वजन, पोती आणि बारदान यांवरून निघते. मी ते स्वतंत्र ठेवले होते आणि वजन बदलले की तेही बदलत असे. पण पोत्यांची संख्या नंतर दुरुस्त केली तर ते जुनेच राही, कारण तिथे ते बदलण्याची ओळ लिहायची राहून गेली होती. दर वेळी नव्याने काढलेली गोष्ट अशी शिळी होऊ शकत नाही. फॉर्म बरोबर आहे की नाही हेसुद्धा असेच काढायचे उत्तर आहे. ते वेगळ्या खुणेत साठवले की कधी ना कधी खूण एक सांगते आणि रकाने दुसरे. रकमांचा हिशोब दशांशातल्या रुपयांऐवजी पूर्ण पैशांत करावा हेही इथेच सांगते, कारण दशांशातल्या ०.१ आणि ०.२ यांची बेरीज जावास्क्रिप्टमध्ये ०.३०००००००००००००००४ येते आणि अशा शेपट्या पट्टीवर दिसणे बरे नाही.

मजकुराबरोबर आणखी काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात, आणि त्यांतली सर्वांत मोलाची म्हणजे माणूस या रकान्यातून जाऊन बाहेर पडला आहे का. पुष्कळ फॉर्म मोबाइल क्रमांकाचे पहिले दोन अंक लिहिताच लाल होतात. दहा अंकी क्रमांक लिहायला सुरुवात केलेल्या माणसाला ‘क्रमांक दहा अंकी हवा’ असे सांगणे म्हणजे एखाद्याने तोंड उघडताच त्याला अडवण्यासारखे आहे. मराठी लिहिताना हे अधिक जाचते, कारण जोडाक्षर पुरे होईपर्यंत रकान्यात अर्धवट रूपे येत-जात असतात. ध्वनीनुसार लिहिण्याच्या पद्धतीत तर शब्द पक्का होईपर्यंत मजकूर पुन्हा पुन्हा बदलतो. ब्राउझर या मधल्या अवस्थेची सुरुवात आणि शेवट वेगळ्या घटनांनी कळवतो आणि त्या दरम्यान पडताळणी थांबवावी. माझा ठरलेला क्रम असा आहे की, पहिल्यांदा लिहीत असताना गप्प राहायचे, माणूस रकाना सोडून गेला की काही अडचण असल्यास सांगायचे, आणि तो दुरुस्तीसाठी परत आला की मात्र प्रत्येक अक्षराला तपासायचे, म्हणजे चूक सुटताच संदेश लगेच मावळतो. चूक दाखवायला आपण थोडे थांबावे, पण ती सुटली हे सांगायला थांबू नये. पानाचे रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये ‘यूजर-इन्व्हॅलिड’ ही खूण २०२३ पासून सर्व प्रमुख ब्राउझरांत आली आहे आणि तिचा हेतू हाच आहे. जुनी ‘इन्व्हॅलिड’ खूण पान उघडताच रिकामे आवश्यक रकाने लाल करून मोकळी होते.

रकाना सोडताना संदेश दाखवण्यात एक खाच आहे, जी मला प्रत्यक्ष शेजारी बसल्याशिवाय कधी कळली नसती. शेवटचा रकाना भरून दिवाणजी ‘नोंद करा’ हे बटण दाबायला गेले. माउसचे बटण खाली जाताच रकाना सुटला, त्याखाली संदेशाची एक ओळ वाढली, सगळे पान एका ओळीने खाली सरकले आणि माउसचे बटण वर आले तेव्हा बाण ‘नोंद करा’वर नव्हता. दाबणे आणि सोडणे एकाच ठिकाणी न झाल्यामुळे ब्राउझरने तो क्लिक धरलाच नाही. दिवाणजींच्या दृष्टीने बटण दाबले आणि काही घडले नाही. तेव्हापासून संदेशासाठी रकान्याखाली एका ओळीची जागा मी आधीच राखून ठेवते.

सगळे रकाने बरोबर होईपर्यंत बटण निष्क्रिय ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही. राखाडी बटण फक्त ‘होणार नाही’ एवढेच सांगते, का होणार नाही हे सांगत नाही, आणि चाळीस ओळींत अडचण कोणत्या ओळीत आहे ते माणसाला स्वतः शोधावे लागते. बटण दाबू द्यावे, मग सगळे तपासावे आणि कर्सर पहिल्या अडचणीच्या रकान्यात नेऊन ठेवावा. माहिती पाठवली जात असताना बटण थांबवणे योग्य आहे, पण तेवढ्यावर विसंबू नये. नेट मंद असताना पान पुन्हा उघडून तीच नोंद पुन्हा केली जाते आणि एका मालाच्या दोन पट्ट्या होतात. फॉर्म उघडतानाच त्या नोंदीला एक वेगळा ओळख क्रमांक द्यावा, तो मसुद्यासह जपावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच परत दाखवावी.

संदेशाच्या भाषेबद्दल मला कळकळीने लिहावेसे वाटते. २०१४ साली अधिकृत मानक झालेल्या एचटीएमएल ५ मुळे आवश्यक रकाना, किमान आणि कमाल मूल्य, ठरावीक नमुना या तपासण्या ब्राउझर स्वतःच करू लागले. त्यांचे संदेश मात्र ब्राउझरच्या भाषेत येतात. पूर्ण मराठी पानावर अचानक इंग्रजी फुगा उगवतो आणि काही सेकंदांत नाहीसा होतो. ‘सेटकस्टमव्हॅलिडिटी’ वापरून आपला संदेश देता येतो, पण चूक सुटल्यावर तिथे रिकामा मजकूर देऊन तो काढायला विसरले तर फॉर्म कधीच पुढे जात नाही. मी फॉर्मला ‘नोव्हॅलिडेट’ लावून ब्राउझरचे फुगे बंद करते, तपासण्या तशाच ठेवते आणि संदेश स्वतः दाखवते. तो रकान्याशी ‘एरिया-डिस्क्राइब्डबाय’ने जोडलेला असतो, म्हणजे पडदा वाचून दाखवणारे साधन वापरणाऱ्यालाही तो ऐकू येतो. आणि संदेश ‘अवैध मूल्य’ असा कधीच नसतो. ‘वजन किलोमध्ये लिहा, उदाहरणार्थ ५०.५’ हे वाचून माणूस पुढे काय करायचे ते जाणतो. ‘अवैध’ हा शब्द तर मी कायमचा सोडला आहे, कारण मराठीत त्याला बेकायदेशीरपणाचा वास आहे आणि भाव लिहिताना बोट चुकलेल्या माणसाला तो लावणे उद्धटपणाचे आहे.

काही रकान्यांना खरोखर कडक नियम असतात आणि तिथे ते पाळावेत. आयएफएससी कोड ११ चिन्हांचा असतो, पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि पाचवे नेहमी शून्य. त्या पाचव्या जागी लोक हटकून ‘ओ’ हे अक्षर लिहितात, आणि तिथे दुसरे काही असूच शकत नसल्याने आपण ते शून्य समजून घ्यावे. जीएसटी क्रमांक १५ चिन्हांचा, त्यात पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा चिन्हे पॅन आणि शेवटचे चिन्ह बाकीच्यांवरून काढलेले, त्यामुळे एखादे चिन्ह चुकले तर हिशोब करून बहुधा लगेच सांगता येते. एकदा मी पहिले दोन अंक महाराष्ट्राचे २७ असलेच पाहिजेत असा नियम घातला होता. सांगलीची हळद घ्यायला कर्नाटकातले खरेदीदार येतात, त्यांचा क्रमांक २९ ने सुरू होतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

भाव आणि वजन यांना असा कडक नियम नसतो. भाव नेहमीच्या दुप्पट असेल तर एखादे शून्य जास्त पडले असेल किंवा माल खरोखर उत्तम असेल. तिथे मी अडवत नाही. ‘भाव नेहमीपेक्षा बराच जास्त आहे, बरोबर आहे का?’ असे पिवळ्या पट्टीत विचारते आणि होकार आला की नोंद घेते. चूक आणि शंका यांना वेगळे ठेवल्यावर लाल रंगाचे वजन वाढले. तो क्वचित दिसतो आणि दिसला की लोक थांबून वाचतात.

ब्राउझरमधली पडताळणी ही लिहिणाऱ्याच्या सोयीसाठी असते, माहितीच्या सुरक्षेसाठी ती पुरेशी नसते, कारण ब्राउझर बाजूला ठेवून कुणीही थेट सर्व्हरला माहिती पाठवू शकतो. काही गोष्टी तर सर्व्हरलाच कळतात: दोन टेबलांवरून दोघांनी एकाच वेळी तोच पावती क्रमांक वापरला तर ते फक्त डेटाबेसच्या अनन्यतेच्या, म्हणजे एकच क्रमांक दोनदा येऊ न देण्याच्या, बंधनालाच पकडता येते. ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे टाइपस्क्रिप्ट (जावास्क्रिप्टचेच विस्तारित रूप) असेल तर झॉडसारख्या साधनाने एकच नियमावली दोन्हीकडे वापरता येते. आमच्याकडे पायथन असल्याने ते शक्य नव्हते. म्हणून नमुन्यांची एक यादी केली, त्यात प्रत्येक मजकूर आणि तो ग्राह्य की अग्राह्य हे लिहिले, आणि दोन्ही बाजू त्याच यादीवर तपासल्या जातात. यादीतला पहिला शब्द ‘कऱ्हाड’ आहे, दोन्ही रीतींनी लिहिलेला. सर्व्हरकडून आलेला आक्षेप त्या त्या रकान्याखालीच दाखवावा, तो रकाना बदलला की काढावा, आणि काहीही झाले तरी भरलेला फॉर्म रिकामा करू नये.

वीज जाते, नेट जाते, म्हणून अर्धवट भरलेल्या नोंदी ब्राउझरमध्येच जपून ठेवणे आम्ही नंतर सुरू केले. दुकानातला संगणक तिघेजण वापरतात, त्यामुळे बँक खात्याचा क्रमांक त्यातून वगळला आहे आणि नोंद पूर्ण झाली की मसुदा पुसला जातो. इथेही जपला जातो तो लिहिलेला मजकूर, त्यातून काढलेला आकडा नव्हे. वीज परत आल्यावर दिवाणजींना ‘५०.’ असाच अर्धवट रकाना दिसतो आणि ते पुढचा पाच लिहितात.

त्या पहिल्या हंगामातल्या नोंदी निस्तरायला मात्र वेळ लागला. अर्धा र अडल्यामुळे कुठल्या नावात काय बदलले गेले हे प्रोग्राम लिहून शोधता येण्यासारखे नव्हते, कारण मूळ नाव कुठेच उरले नव्हते. ते फक्त दिवाणजींच्या डोक्यात होते. हंगाम ओसरल्यावर आम्ही दोन दुपारी यादी समोर घेऊन बसलो. ते एकेक नाव मोठ्याने वाचत, जिथे शंका येई तिथे शेतकऱ्याला फोन लावत आणि मी दुरुस्ती करत असे. बोऱ्हाडे यांचे नाव यादीत आले तेव्हा दिवाणजींनी फोन लावला नाही. “हे मला पाठ आहे,” असे म्हणून त्यांनी कळफलक स्वतःकडे ओढला आणि नाव लिहिले. रकान्याखालची राखून ठेवलेली ओळ रिकामीच राहिली.